शिडाच्या बोटीवर वर्षभर बिऱ्हाड : खर्च किती आणि कशाकशाचा?

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या माणसाला समुद्र पाहायचा तर आधी सेलू गाठायचं, तिथून देवगिरी नाही तर तपोवन एक्स्प्रेस पकडून मुंबई. पण मोबाइलच्या पडद्यावर कॅरिबियनचं निळं पाणी, त्यात नांगर टाकून डोलणारी शिडाची बोट आणि डेकवर चहा पिणारं जोडपं हे दृश्य वालूरलाही तेवढंच स्पष्ट दिसतं. ते पाहून डोक्यात पहिला हिशेब हाच येतो : घरभाडं नाही, वीजबिल नाही, वारा फुकट. मग खर्च तो कितीसा?

उत्तर आधीच देऊन टाकू. एका जोडप्याने काटकसरीने राहायचं म्हटलं तरी वर्षाला साधारण २९ लाख रुपये. त्याआधी जुनी बोट घेऊन ती राहण्याजोगी करायला सुमारे ७० लाख. वर्षाच्या खर्चातला जवळपास निम्मा भाग राहण्या-खाण्याचा नसतो, बोट शाबूत ठेवण्याचा आणि ती इकडून तिकडे नेण्याचा असतो. म्हणून विकणाऱ्याला बोटीचा भाव विचारण्याआधी ती वर्षभर उभी ठेवायला काय पडतं, ते विचारा.

पुढच्या रकमांसाठी डॉलर ९० रुपयांना धरला आहे. आकडे अंदाजी आहेत. बेट, हंगाम आणि बोटीची लांबी बदलली की तेही बदलतात.

तयारीला वेळ किती?

पैशाआधी वेळेचं बोलू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. २००६ साली त्यांनी नौदलाच्या सागर परिक्रमा मोहिमेची जबाबदारी घेतली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाऊन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. म्हणजे नऊ महिन्यांच्या सफरीसाठी तीन वर्षांची तयारी. बोट बांधली जात असताना ते तिथेच होते, म्हणून कोणती वायर कुठून जाते आणि कोणता पाइप कुठे उघडतो, हे त्यांना पाठ होतं. त्याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून जग फिरून आल्या.

त्यांचा खर्च नौदलाने केला, तुमचा तुम्हालाच करायचा आहे. पण तयारीचं प्रमाण लक्षात ठेवा. कॅरिबियनमध्ये बेटं एकमेकांजवळ आहेत, बहुतेक टप्पे एका दिवसाचे आहेत, म्हणून तीन वर्षं लागणार नाहीत. तरी दोन हंगाम शिकण्यात घालवायची तयारी नसेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

शिकण्याचा खर्च : दोघांचे साधारण ५ लाख

पहिली अट पोहण्याची. विहिरीत सूर मारत मोठं झालेल्याला ती अवघड नाही, पण विहिरीत लाट नसते. समुद्रात कपड्यांसकट पोहता आलं पाहिजे.

दुसरी पायरी मुंबईची. गेटवेच्या परिसरात ऑक्टोबर ते मे या हंगामात लहान शिडाच्या होड्यांवर शिकवणारे क्लब आणि खासगी संस्था आहेत. पावसाळ्यात सगळं बंद. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे मोटरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम होतात. इथे चार दिवस घालवल्यावर एक गोष्ट स्वस्तात कळते : तुम्हाला बोट लागते की नाही. काहींना दोन तासांत उलट्या सुरू होतात आणि महिनाभरानेही थांबत नाहीत. हे ७० लाख घालण्याआधी कळलेलं बरं.

तिसरी पायरी प्रमाणपत्राची. जगभर चालतात ते ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे अभ्यासक्रम. ‘कॉम्पिटंट क्रू’ पाच दिवसांचा, त्यावर ‘डे स्किपर’चा लेखी भाग आणि पुन्हा पाच दिवस पाण्यावर. त्याबरोबर व्हीएचएफ रेडिओ वापरण्याचा परवाना. थायलंडला किंवा युरोपात जाऊन हे करायचं तर प्रवास आणि मुक्काम धरून माणशी दोन ते अडीच लाख. नवरा-बायको जाणार असाल तर दोघांनीही शिका. एकच जण बोट चालवू शकत असेल आणि तोच पाण्यात पडला किंवा तापाने फणफणला, तर दुसऱ्याने काय करायचं?

कागदपत्रं : स्वस्त, पण इथेच वाट अडते

पासपोर्ट ६० पानांचा काढा. ३६ पानांच्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, ६० पानांच्याचं २०००. बरीच बेटं वेगवेगळे देश, येताना शिक्का, जाताना शिक्का. ५०० रुपयांची काटकसर पुढे महागात जाते.

ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाइन्स, डॉमिनिका, बार्बाडोस आणि त्रिनिदाद-टोबॅगो इथे भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुक्कामाची मुदत प्रत्येकाची वेगळी. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही मात्र फ्रान्सची बेटं. तिथे फ्रान्सचा व्हिसा लागतो आणि तो त्या प्रदेशांसाठी वैध आहे असं त्यावर नोंदलेलं असावं लागतं, नुसता शेंगेन पुरत नाही. प्वेर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन बेटांना अमेरिकेचा व्हिसा. म्हणून भारतीय पासपोर्टवर सोयीचा पट्टा दक्षिणेकडचा : त्रिनिदाद, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

विमान लंडनला बदलत असेल तर भारतीय पासपोर्टला बहुधा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेमार्गे गेलात तर तिथला व्हिसा हवाच. मुंबईहून जाऊन-येऊन भाडं माणशी सव्वा ते पावणेदोन लाख. आणखी एक अडचण : बोटीवर राहायला जाणाऱ्याकडे परतीचं तिकीट नसतं, आणि विमानतळावर ते मागतात. बोटीच्या कप्तानाचं पत्र आणि बोटीच्या नोंदणीची प्रत जवळ ठेवा, नाही तर बदलता येणारं परतीचं तिकीट काढा.

त्रिनिदादला जाणार असाल तर पीतज्वराची लस आधी. भारत सरकारच्या पीतज्वर देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. पिवळं प्रमाणपत्र नसेल तर मायदेशी परतल्यावर विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत ठेवू शकतात. लस मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या ठरावीक केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

पैसा बाहेर पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली प्रत्येक निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मर्यादा अडचणीची नाही, टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, अडचणीचा आहे. एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेवर अशा खर्चासाठी २० टक्के बँक कापून घेते. तो कर वाया जात नाही. आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकते.

समजा ६० हजार डॉलरची, म्हणजे ५४ लाखांची बोट घ्यायची आहे. एकट्याने एकाच वर्षात पैसे पाठवले तर १० लाख सोडून ४४ लाखांवर ८ लाख ८० हजार अडकतात. बोट दोघांच्या नावे घेऊन प्रत्येकाने २७ लाख पाठवले तर दोघांचे मिळून ६ लाख ८० हजार. आणि सौदा असा बसवता आला की निम्मी रक्कम मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये जाईल, तर एकूण २ लाख ८० हजारच. सेलू-परभणीतल्या तुमच्या सीएला हे आधी दाखवा, कारण परदेशात बँक खातं उघडलं तर त्याची नोंद विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात करावी लागते.

बोट घेताना

दोन माणसांच्या कायम मुक्कामाला ३६ ते ४० फूट पुरे. नवी घेण्याचा विचार सोडा. १९८५ ते १९९५ दरम्यान बांधलेली, एका सांगाड्याची, फायबरग्लासची चांगली बोट ४० हजार ते एक लाख डॉलरमध्ये मिळते. दोन सांगाड्यांची कॅटमरान प्रशस्त खरी, पण तिची किंमत दुप्पट-तिप्पट, आणि बंदरात किंवा यार्डात रुंदीमुळे भाडंही जास्त.

बयाणा साधारण १० टक्के, तोही ‘तपासणी पसंत पडल्यास’ या लेखी अटीवर आणि दलालाच्या वेगळ्या खात्यात. मग बोट क्रेनने पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्यायची. त्याची फी फुटाला २० ते २५ डॉलर, क्रेनचं भाडं वेगळं. ३८ फुटी बोटीला दोन्ही मिळून साधारण १,५०० डॉलर.

सर्व्हेअर काम कसं करतो ते पाहायला स्वतः हजर राहा. तो छोटी हातोडी घेऊन बोटीच्या बुडावर वीत-वीत अंतरावर ठोकत जातो. टणक जागी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. जिथे फायबरग्लासचे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय तिथे आवाज मेलेला येतो. तिथे तो खडूने गोल काढतो. जुना ट्रॅक्टर घेताना जाणता माणूस रंग पाहत नाही, गिअरबॉक्सला कान लावतो, तसंच हे. नंतर डोलकाठी पेलणाऱ्या पोलादी तारा, त्या जिथे बोटीला अडकवल्या आहेत त्या पट्ट्या, बुडातले पाण्याचे व्हॉल्व्ह आणि इंजिन. तारांना दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर विमा कंपनी त्या बदलायला लावते. खर्च १० हजार डॉलरच्या आसपास जाऊ शकतो. खडूचे गोल मोजा आणि तेवढी किंमत कमी करून घ्या.

घेतल्यावर लगेचचा खर्च वेगळा : नवं मुख्य शीड ४ ते ६ हजार डॉलर, सौर तक्ते आणि बॅटऱ्या ३ ते ५ हजार, किनाऱ्यावर ये-जा करायची डिंगी आणि तिचं इंजिन ४ ते ५ हजार, नांगर आणि साखळी दीड ते दोन हजार. सगळंच पहिल्याच वर्षी लागत नाही, पण १५ हजार डॉलर बाजूला ठेवा. एका ठिकाणी मात्र हात आखडू नका : नांगर. रात्री तुम्ही त्याच्या भरवशावर झोपणार आहात.

नोंदणीचं आधी ठरवा. अमेरिकेचं डॉक्युमेंटेशन फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतं, ब्रिटनचं छोट्या नौकांचं रजिस्टर तिथल्या रहिवाशांना. भारतीय नागरिकाला कोणत्या देशाचा झेंडा मिळेल, त्याला किती दिवस आणि किती पैसे लागतील, हे दलालाकडून लेखी घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. झेंडा नसलेल्या बोटीचा विमा होत नाही.

बोट ६०,०००, तपासणी आणि क्रेन १,५००, दुरुस्ती १५,०००, नोंदणी वगैरे १,५००. एकूण ७८,००० डॉलर, म्हणजे ७० लाख २० हजार रुपये.

महिन्याचा हिशेब

३८ फुटी बोट, दोन माणसं, बहुतेक रात्री नांगरावर, हॉटेलात खाणं क्वचित :

- किराणा, भाजी, मासळी : ६०० डॉलर
- डिझेल, डिंगीचं पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस : १२०
- मुरिंग (पक्क्या बोयाला बोट बांधणं) आणि अधूनमधून मरीना : १५०
- कस्टम, इमिग्रेशन, परवाने : १००
- इंटरनेट आणि फोन : १२०
- बोटीची दुरुस्ती : ५००
- बोटीचा विमा : १५०
- वादळाच्या हंगामातलं यार्ड, वर्षावर वाटून : २७५
- आरोग्य विमा आणि औषधं : १००
- बाहेर खाणं, कपडे धुणं, बेटावर फिरणं : २५०
- वर्षातून एकदा दोघांचं घरी येणं, वर्षावर वाटून : ३००

एकूण २,६६५ डॉलर. महिना सुमारे २ लाख ४० हजार रुपये, वर्षाला २८ लाख ७८ हजार.

दुरुस्तीचे ५०० डॉलर कुठून आले? बोटवाल्यांचा जुना ठोकताळा : बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी. खारं पाणी आणि ऊन दोन्ही सुट्टी घेत नाहीत. एखाद्या वर्षी निम्मेच लागतात आणि पुढच्या वर्षी पाण्याचा पंप, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि डिंगीचं इंजिन एकाच महिन्यात जातात. जो स्वतः पाना हातात धरतो त्याचा खर्च निम्म्यावर येतो. सेलूच्या गॅरेजमध्ये सहा महिने हात काळे करून डिझेल इंजिन शिकलेला माणूस इथे पदवीधराला भारी पडेल.

जागेचं भाडं कळणं सोपं. नांगर टाकून राहणं बहुतेक खाड्यांत फुकट. पक्क्या बोयाला बांधायचं तर रात्रीला १० ते ४० डॉलर, मरीनात फुटाला एक ते तीन डॉलर. म्हणजे ३८ फुटांना एका रात्रीचे ३८ ते ११४. महिन्यातून चार रात्री मरीना आवडायला लागली की वरचा हिशेब कोलमडतो.

परवान्यांचं असं : नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा. कप्तानाने एकट्याने सगळ्यांचे पासपोर्ट, बोटीचे कागद आणि आधीच्या बंदराचा निघाल्याचा दाखला घेऊन कार्यालयात जायचं. तोवर बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. शिक्के झाले की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा. प्रत्येक वेळी थोडे डॉलर, सुट्टीच्या दिवशी जादा आकार. दर आठवड्याला नवं बेट पाहणाऱ्याला हे जड जातं, एका देशात दोन महिने राहणाऱ्याला नाही. पूर्व कॅरिबियन डॉलर अमेरिकन डॉलरला २.७० या भावाने १९७६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे भाव विचारताना कोणता डॉलर ते नक्की करा. टॅक्सीवाला चाळीस म्हणतो तेव्हा फरक अडीच-पावणेतीन पटींचा असतो.

पाणी, वीज, चूल

वालूरच्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेचा गाळ गावकऱ्यांनी उपसला. पाण्याची किंमत कळलेली असल्याने ते मोजून वापरणं वालूरच्या पट्ट्यात शिकवावं लागत नाही आणि बोटीवर हाच गुण सर्वांत उपयोगी पडतो. ३८ फुटी बोटीच्या टाक्यांत ३०० ते ५०० लिटर मावतं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळायची, अंघोळ समुद्रात आणि वरून दोन लिटर गोडं पाणी. असं केलं तर दोघांना दिवसाला २० लिटर पुरतात आणि टाकी तीन आठवडे जाते. शहरी सवयीने वापरलं तर आठवड्यात कोरडी. मरीनात पाणी विकत मिळतं, पावसाचं पाणी ताडपत्री बांधून धरता येतं. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र ४ ते ८ हजार डॉलरचं आहे. पहिल्या वर्षी त्याच्याशिवाय भागतं.

विजेत सगळ्यात जास्त खाणारा फ्रिज. ४०० ते ६०० वॉटचे सौर तक्ते असतील तर फ्रिज, दिवे, फोन चालतात. एसी विसरा. किनाऱ्याची वीज मरीनात मिटरप्रमाणे मिळते, पण अमेरिकी बांधणीच्या बोटीवर ११० व्होल्ट असतात. घरचा मिक्सर तिथे चालणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर भारतीय माणसाला दक्षिण कॅरिबियन बराच सुसह्य. त्रिनिदादमध्ये करारावर गेलेल्या गिरमिट्यांच्या पिढ्यांमुळे डाळ, तांदूळ, मसाले, पीठ सहज मिळतं. डालपुरी आणि रोटी रस्त्यावर मिळते. ग्रेनाडातही रोटी आहे. पण ज्वारीचं पीठ विसरा. भाकरीची सवय असेल तर पहिल्या महिन्यापुरतं घरून न्या. केळी, नीरफणस, आंबा, ताजी मासळी स्वस्त. दूध, चीज, सफरचंद, बिस्किटं बाहेरून येतात म्हणून महाग. प्रेशर कुकर नक्की न्या. गॅसही वाचतो आणि हलत्या बोटीवर झाकण घट्ट बसलेलं भांडं सुरक्षित असतं.

डिंगी रात्री पाण्यात सोडू नका. दोरीने वर उचलून कुलूप लावा. चोऱ्या होतात त्या तिच्या आणि तिच्या इंजिनाच्याच.

वादळाचा हंगाम : सर्वांत मोठा छुपा खर्च

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि कोळी होड्या ओढून शाकारून ठेवतात. कॅरिबियनचा वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सहा महिने. या काळात बोट कुठे आहे यावर विमा अवलंबून असतो. बहुतेक कंपन्या एक रेषा आखून देतात. तिच्या दक्षिणेला, म्हणजे ग्रेनाडा किंवा त्रिनिदादच्या बाजूला असाल तरच वादळाच्या नुकसानीची भरपाई, किंवा बोट यार्डात चढवून जमिनीला पट्ट्यांनी बांधलेली असली तर. विम्याचा हप्ता बोटीच्या किमतीच्या दीड ते चार टक्के, आणि जुन्या बोटीला काही कंपन्या वादळाचं कलम देतच नाहीत.

रेषेच्या दक्षिणेला गेलं की सुरक्षित, हेही खरं नाही. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हनने ग्रेनाडा उद्ध्वस्त केलं. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि तिथल्या टिरेल खाडीत आसऱ्याला आलेल्या कित्येक बोटी एकमेकींवर चढून फुटल्या.

म्हणून वरच्या हिशेबात यार्ड धरलं आहे : ३८ फुटी बोटीला महिन्याला ४०० ते ५०० डॉलर, चढवण्या-उतरवण्याचे ६०० वेगळे. जूनमध्ये बोट चढवा आणि घरी या. नोव्हेंबरअखेर परत जा, बुडाला रंग लावा, डिसेंबरात पाण्यात उतरा. पाच-सहा महिने तिथे आणि तेवढेच महिने इथे असं गणित बसवलं तर किराणा आणि मुरिंग निम्म्याने कमी होतात. वर्षाचा खर्च २९ लाखांवरून साधारण २५ लाखांवर येतो.

आजारपणाची तरतूद वेगळी. भारतीय प्रवास विमा बहुधा १८० दिवसांपर्यंत मिळतो आणि त्यात शिडाची बोट चालवणं वगळलेलं असू शकतं. हप्ता भरण्याआधी ‘वगळलेल्या बाबी’ हे पान वाचा आणि हवाई रुग्णवाहिका आहे का ते पाहा. तिचं बिल हजारो डॉलरमध्ये येतं.

न घेता राहायचं असेल तर

सहा जणांनी ४० फुटी बोट आठवडाभर भाड्याने घेतली तर भाडं साधारण ४,२०० डॉलर, चालवणारा स्किपर सात दिवसांचे १,७५०, किराणा-इंधन १,५००. एकूण ७,४५०, माणशी सुमारे १ लाख १२ हजार रुपये. विमानभाडं धरून अडीच लाखांच्या आत-बाहेर. दुसरा रस्ता क्रू म्हणून जाण्याचा : दुसऱ्याच्या बोटीवर कामात हात द्यायचा आणि खर्चाचा वाटा दिवसाला २५ ते ४० डॉलर. महिनाभराचे साधारण ६८ हजार ते १ लाख ८ हजार, अधिक विमान. अनोळखी बोटीवर चढण्याआधी बोटीचे कागद, जीवरक्षक तराफा, रेडिओ आणि आधीच्या क्रूचं मत या चार गोष्टी तपासा, आणि पासपोर्ट कप्तानाच्या ताब्यात कायमचा देऊ नका.

घेतलेली बोट विकायला सहा महिने ते वर्ष लागतं हेही ध्यानात ठेवा. ६० हजारांची बोट दोन वर्षांनी ४५ हजारांना गेली, त्यातून दलालाचे १० टक्के वजा झाले, तर हातात ४०,५००. घट १९,५०० आणि सुरुवातीच्या दुरुस्तीचे १५,००० मिळून ३१ लाख रुपये. दोन वर्षांवर वाटले तर महिन्याला जवळपास १ लाख ३० हजार, जे वरच्या महिन्याच्या यादीत कुठेच दिसत नाहीत. म्हणजे खरा खर्च महिन्याला २ लाख ४० हजार नव्हे, ३ लाख ७० हजार.

मग घ्यावी का?

बोट, पहिलं वर्ष, शिक्षण आणि इंजिन बसलं तर नवं घ्यायला १२-१३ लाख, असं मिळून सव्वा कोटीच्या घरात रक्कम हाताशी हवी. ती जमीन विकून किंवा कर्ज काढून उभी करायची असेल तर घेऊ नका. बोटीसाठी काढलेलं कर्ज फेडायला बोट काही कमावत नाही, आणि पर्यटक म्हणून आलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही. पगार भारतातून किंवा इतर देशांतून ऑनलाइन येत असेल आणि दोघांनाही समुद्र मानवत असेल, तर विचार करण्याजोगं आहे.

क्रम मात्र बदलू नका. यंदाच्या ऑक्टोबरात मुंबईला चार दिवस, पुढच्या वर्षी प्रमाणपत्र, त्यानंतर कॅरिबियनमध्ये एक महिना दुसऱ्याच्या बोटीवर. एवढ्याला दोघांचे मिळून ९-१० लाख लागतील. त्यानंतरही बोट घ्यावीशी वाटली तरच सर्व्हेअरला बोलवा, आणि त्याच्या अहवालाची प्रत हातात पडेपर्यंत एक रुपयाही बयाण्यापलीकडे देऊ नका.